पैसे मोजून घेतलेली भेट ही भेट असते का?

दुर्बीण (धागाकर्ता)

न्यूयॉर्कच्या जाविट्स सेंटरमध्ये भरणाऱ्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स, मालिका आणि चित्रपटांच्या चाहत्यांच्या संमेलनाला जाऊन आवडत्या अभिनेत्याबरोबर पैसे भरून छायाचित्र काढून घेणाऱ्या माझ्या भाचीची आमच्या घरच्या व्हॉट्सॅप गटावर बरीच थट्टा झाली, म्हणून हा धागा काढत आहे. प्रवेशाचे तिकीट वेगळे, स्वाक्षरीचे पैसे वेगळे, छायाचित्राचे आणखी वेगळे, आणि एवढे करून प्रत्यक्ष सहवास अर्ध्या मिनिटाचाही नाही. याला भेट म्हणायचे की फसवणूक, असा एकंदर सूर होता. माझे मत असे आहे की आवडत्या कलावंताला गाठण्याच्या आज रूढ असलेल्या सर्व पद्धतींमध्ये हीच सर्वांत प्रामाणिक आहे.

या संमेलनांचा उगम पाहिला तर पैशाचा प्रश्न नीट उलगडतो. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच हंगाम चालली आणि बंद पडली. पुढे स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणातून तिचा खरा प्रेक्षकवर्ग तयार झाला. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात चाहत्यांनीच पहिले मोठे संमेलन भरवले. काही शेकडा लोक येतील अशी अपेक्षा असताना तीन हजारांहून अधिक आले. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री मेजल बॅरेट, तेथे होत्या. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह होते. नासाने प्रदर्शनासाठी वस्तू पाठवल्या होत्या. मालिकेतील इतर नट पुढच्या वर्षापासून येऊ लागले.

आता हे लक्षात घ्यावे की त्या काळच्या करारांनुसार पुनःप्रक्षेपणाचा मोबदला नटांना पहिल्या मोजक्या फेऱ्यांपुरताच मिळत असे. मालिका दररोज संध्याकाळी घराघरांत दिसत होती, निर्मात्यांना आणि वाहिन्यांना उत्पन्न मिळत होते, आणि ज्यांचे चेहरे लोकांना पाठ झाले होते त्यांच्या हाती काही येत नव्हते. शिवाय त्या चेहऱ्यांवर भूमिकेचा शिक्का बसल्यामुळे नवे काम मिळणेही अवघड झाले होते. अशा नटांना चाहत्यांनी थेट पैसे देणे यात मला कमीपणाचे काहीच दिसत नाही. मधल्या सर्व दलालांना वगळून झालेली ती उशिराची परतफेड होती.

दुसरा मुद्दा संमतीचा. आपल्याकडे नट विमानतळावर दिसो, लग्नात दिसो किंवा एखाद्याच्या अंत्यदर्शनाला आलेला असो, त्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी घेण्याचा हक्क आपल्याला जन्मजात आहे अशी समजूत आहे. ते फुकट असते, पण त्याची किंमत नट भरत असतो. संमेलनात मात्र तो स्वतः ठरवून, वेळ देऊन, तयारीने बसलेला असतो. तेथे मागणाऱ्याला लाज वाटण्याचे कारण नाही आणि देणाऱ्यालाही चिडण्याचे कारण नाही.

तिसरी घंटा

इतिहास रंजक आहे, निष्कर्षाशी मात्र पूर्णपणे असहमत आहे.

शिवाजी मंदिर असो, बालगंधर्व असो किंवा गडकरी रंगायतन, प्रयोग संपल्यावर रंगपटात डोकावून दोन शब्द बोलून येण्याची आपली रीत जुनी आहे. घामाने निथळणारा, अर्धा मेकअप उतरवलेला नट समोर असतो. आपण काही तरी अडखळत बोलतो, तो ऐकून घेतो, कधी विचारतो की अमुक प्रवेश पोहोचला का. त्या विचारण्याला अर्थ असतो, कारण उद्याच्या प्रयोगात त्याला ते उत्तर वापरायचे असते. या देवघेवीचा दर ठरवला की नेमकी तीच गोष्ट नाहीशी होते, कारण पैसे घेतलेल्या माणसाने तुमच्याशी गोड बोलणे हा सेवेचा भाग झाला. तो मनापासून हसला की कर्तव्य म्हणून हसला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही आणि विचारताही येणार नाही.

आणि ही केवळ चाहत्यांच्या बाजूची तक्रार नाही. 'स्टार वॉर्स'मधील प्रिन्सेस लेया साकारणाऱ्या कॅरी फिशर यांनी २०१६ मध्ये आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात पैसे घेऊन स्वाक्षऱ्या देण्याच्या या प्रकाराची तुलना क्लबात गिऱ्हाइकाच्या मांडीवर केल्या जाणाऱ्या नाचाशी केली आहे. विनोद त्यांच्या स्वभावातच होता, हे मान्य. पण विनोदासाठी नेमकी हीच उपमा सुचावी, यातून आतल्या माणसाला हा व्यवहार कसा दिसतो ते समजते. धागाकर्त्यांनी 'संमती' हा शब्द फार सहज वापरला आहे. काम मिळत नाही म्हणून दिलेल्या होकाराला मी तरी संमती म्हणताना थोडा थांबेन.

त्यातच प्रत्येक नटाच्या नावापुढे दर लिहिलेला असतो. मुख्य नटाचा मोठा, दुय्यम भूमिकेतल्याचा लहान, आणि एखाद्याच्या मेजापुढे रांगच नाही. कोणाची बाजारात काय किंमत आहे हे असे जाहीरपणे मांडलेले दुसऱ्या कोणत्या कलाक्षेत्रात चालले असते?

मागचा_दरवाजा

टोरांटोच्या अशा संमेलनांत स्वयंसेवक म्हणून काम करत आलो आहे, म्हणून व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगतो. बाजू नंतर ठरवावी.

मोठ्या पाहुण्यांना आयोजक सहसा एक किमान रक्कम हमी म्हणून देतात. स्वाक्षऱ्या आणि छायाचित्रे यांतून तेवढी रक्कम जमली नाही तर फरक आयोजकाला सोसावा लागतो, आणि जास्त जमली तर वरची रक्कम ठरल्याप्रमाणे वाटली जाते. छायाचित्राच्या रांगेत 'चला, पुढे चला' असे जे ओरडणे चालते त्याचे मूळ या हमीत आहे. पडद्यामागे एक छायाचित्रकार, एक दिवा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण, तुमची पिशवी धरायला एक स्वयंसेवक. तुम्ही खुणेवर उभे राहता, दिवा चमकतो, संपले. बोलायला तेथे वेळ नसतोच आणि तो असेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. बोलणे होते ते स्वाक्षरीच्या मेजावर, आणि तेही रांग किती आहे त्यावर.

आता 'तिसरी घंटा' यांना ज्यांची कीव आली त्या रिकाम्या मेजांविषयी. माझ्या पाहण्यात सर्वांत चांगल्या भेटी तेथेच होतात. मूळ 'स्टार वॉर्स'मध्ये मुखवट्याआड किंवा गर्दीत उभ्या राहिलेल्या ब्रिटिश नटांवर २०१५ मध्ये 'एल्स्ट्री १९७६' नावाचा माहितीपटच निघाला. पडद्यावर काही क्षण दिसलेली, पुढे साधे आयुष्य जगलेली ही माणसे संमेलनांत येतात, कारण चाळीस वर्षांनंतरही त्यांना कोणी तरी ओळखते. 'स्टार वॉर्स'च्या पुढच्या भागांत बोबा फेट या पात्राचा मुखवटा घालणारे जेरेमी बुलॉक अनेक वर्षे जगभरच्या संमेलनांना जात राहिले. त्या भूमिकेत त्यांचा चेहरा शिरस्त्राणातून कधी बाहेर आला नाही. मुखवट्यामागचा माणूस चाहत्यांना भेटला तो संमेलनांत. अशा मेजावर दहा-दहा मिनिटे गप्पा होतात, आणि पुष्कळदा नटालाच त्या थांबवायच्या नसतात.

पैसे नकोत असे म्हणणाऱ्यांनी १९८३ चे लाँगलीटही आठवावे. 'डॉक्टर हू' मालिकेला वीस वर्षे होत आली म्हणून बीबीसीने त्या इस्टरला इंग्लंडमधील त्या वाड्याच्या आवारात सोहळा भरवला. अपेक्षेपेक्षा कितीतरी पट लोक आले, रस्ते तुंबले, स्वाक्षरीसाठी तासन्‌तास रांगा लागल्या आणि अनेकांना काहीही न पाहता परत जावे लागले. ठरलेली वेळ, क्रमांक आणि मोजकी तिकिटे ही व्यवस्था रुक्ष आहे खरी, पण ती नसली की जो आधी ढकलेल त्याला भेट मिळते.

आडवळण

मला दोन्ही बाजू सारख्याच भाबड्या वाटतात. मुळात भेटायचे कोणाला? चाहत्याचे प्रेम असते 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉक या पात्रावर, आणि मेजामागे बसलेले असतात लिओनार्ड निमॉय. निमॉय यांनी १९७५ मध्ये आपण स्पॉक नाही हे सांगणारे आत्मचरित्र लिहिले, त्याच्या शीर्षकानेच चाहते दुखावले, आणि वीस वर्षांनी त्यांना आपण स्पॉक आहोत असे सांगणारे दुसरे लिहावे लागले. त्याच मालिकेत कॅप्टन कर्क झालेल्या विल्यम शॅटनर यांनी १९८६ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाच्या एका प्रहसनात, संमेलनाच्याच व्यासपीठावर उभे राहिल्याचे सोंग करून, तपशिलांचा कीस पाडणाऱ्या चाहत्यांना सरळ सुनावले की जरा आयुष्य जगायला शिका. प्रहसन होते, पण लागायचे त्यांना ते लागलेच.

नटाने भूमिकेत जे दिले ते देऊन झाले आहे. त्याच्याकडून आणखी काही हवे असणे, मग ते पैसे देऊन असो वा रंगपटात घुसून, हा लोभ आहे.

दुर्बीण (धागाकर्ता)

'आडवळण' यांना आधी उत्तर देतो. भेटायला जाणाऱ्याला स्पॉक आणि निमॉय यांतला फरक कळत नाही, हे गृहीतक मला पटत नाही. कीर्तनकाराच्या पाया पडणाऱ्याला तो स्वतः तुकाराम नाही हे ठाऊक असतेच.

भूमिकेचा आणि माणसाचा संबंध संमेलनात कसा जुळू शकतो याचे उदाहरण 'स्टार ट्रेक'मध्ये स्कॉटी साकारणाऱ्या जेम्स डूहन यांचे आहे. 'ट्रेकीज' या १९९७ च्या माहितीपटात त्यांनी स्वतःच ते सांगितले आहे. जीव देण्याच्या विचारात असलेल्या एका तरुणीचे पत्र त्यांना आले. त्यांनी तिला दूरध्वनी केला आणि अमुक ठिकाणी माझे संमेलन आहे, तेथे तू मला दिसली पाहिजेस, असे सांगितले. ती आली. मग पुढच्या संमेलनाला बोलावले, मग त्याच्या पुढच्या. कालांतराने संपर्क तुटला, आणि काही वर्षांनी तिचे पत्र आले की तिने इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी मिळवली आहे. हे सांगताना डूहन यांचा गळा दाटून येतो. माझा मुद्दा असा की पुढच्या महिन्यात पुन्हा कुठे तरी भेटू, असे म्हणता येण्यासाठी ठरलेल्या तारखांची ती संमेलने अस्तित्वात असणे आवश्यक होते, आणि ती तिकिटांच्या पैशांवरच चालत होती.

तिसरी घंटा

डूहन यांचे उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. त्या तरुणीने दर भरून जे विकत घेतले असते ते तिला मिळाले नाही. दरपत्रकात नसलेले मिळाले.

त्याच मालिकेतील दुसरी भेट पाहा. उहुरा साकारणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडून रंगभूमीकडे परतणार होत्या. एका निधिसंकलनाच्या समारंभात त्यांना सांगण्यात आले की तुमचा एक चाहता तुम्हाला भेटू इच्छितो, आणि समोर आले मार्टिन ल्यूथर किंग. कृष्णवर्णीय स्त्रीला अधिकाराच्या जागी सन्मानाने दाखवणारी ही भूमिका तुम्ही सोडू शकत नाही, असे त्यांनी बजावले, आणि निकोल्स थांबल्या. ही हकिकत त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. येथे चाहत्याने कलावंताला काही दिले. छायाचित्राच्या रांगेत चाहता फक्त पैसे देऊ शकतो. त्याच्याकडे सांगण्यासारखे काही असले तरी ते ऐकायला तेथे कोणाला सवड नसते.

पाहुणचार

अमेरिकेत राहणारी वाचक म्हणून एक भर घालते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या येथील अधिवेशनांना मराठी नाटक-चित्रपटांतले कलावंत येतात, जेवणाच्या रांगेत आपल्या शेजारी ताट घेऊन उभे असतात, कोणाशीही बोलतात, कोणाबरोबरही छायाचित्र काढू देतात, आणि आपण कौतुकाने म्हणतो की आपली माणसे किती साधी. त्यांच्या विमानाचे आणि निवासाचे पैसे मात्र आपल्याच नोंदणीशुल्कातून आणि प्रायोजकांकडून गेलेले असतात. तेव्हा ही भेटही पैसे मोजूनच झालेली असते. दर दिसत नाही, एवढेच. शिवाय त्या नटाला नाही म्हणण्याची सोय उरत नाही. माझ्यासमोर एका ज्येष्ठ अभिनेत्रींचे जेवण तीन वेळा थांबवले गेले, आणि थांबवणाऱ्या प्रत्येकाला आपण अगदी घरच्यासारखे वागतो आहोत असे वाटत होते.

मागचा_दरवाजा

'पाहुणचार' यांच्याशी सहमत. आमच्याकडे मिठी मारण्यापूर्वी विचारा, पाहुण्याने नको म्हटले तर आग्रह करू नका, असे स्वयंसेवकांना सांगायला लावतात. हे वेगळे सांगावे लागते याचे पहिल्यांदा मला नवल वाटले होते, आता वाटत नाही.

ज्यांना खरोखर काही बोलायचे आहे त्यांनी छायाचित्राचे पैसे वाचवावेत आणि सभागृहातील प्रश्नोत्तरांना बसावे. प्रवेशाच्या तिकिटातच ते बहुधा येते. एक नेमका प्रश्न, पूर्वी कोणी न विचारलेला, ध्वनिक्षेपकावर विचारला तर नट क्षणभर थांबून विचार करतो आणि उत्तर देतो. रंगपटातल्या त्या भेटीच्या सर्वांत जवळचे संमेलनात काही असेल तर हेच.

तिसरी घंटा

ही सूचना मी मानतो. मात्र मग धागाकर्त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. भारतातही २०११ मध्ये दिल्ली हाटला सुरू झालेले कॉमिक कॉन आता मुंबईसह अनेक शहरांत भरते. हीच रीत रुळत रुळत उद्या आपल्या नाट्यगृहात रंगपटाबाहेर दरपत्रक लागले, तर ते तुम्हाला तितकेच प्रामाणिक वाटेल का?

दुर्बीण (धागाकर्ता)

नाही. नाटकाचे तिकीट काढून आलेला प्रेक्षक नटाच्या त्या दिवसाच्या कामाचा मोबदला देऊन बसलेला असतो, आणि नटही त्याच संध्याकाळच्या कामाविषयी ऐकायला उत्सुक असतो. तेथे दुसऱ्यांदा पैसे मागणे लुबाडणूक होईल. मालिका बंद होऊन वीस-तीस वर्षे झालेल्या, त्या कामाचे पैसे कधीच नीट न मिळालेल्या नटाचा शनिवार-रविवार मागणे ही निराळी गोष्ट आहे. चालू मालिकेतला, उत्तम मानधन घेणारा तारा जेव्हा स्वाक्षरीला भरमसाट दर लावतो तेव्हा माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे येथे कोणी अजून म्हटले नाही, म्हणून मीच म्हणतो. भाचीने ज्याच्याबरोबर छायाचित्र काढले तो नेमका याच प्रकारातला आहे, आणि तरीही ती पुढच्या वर्षी जाणार आहे.