बांधावरच्या घायपाताची दारू होते का? सल्ला हवा

माळरान_अथणी: नमस्कार मंडळी. अथणी तालुक्यात आमचं थोडं खडकाळ रान आहे, पाण्याची बोंब. बांधाला घायपात मात्र माजलंय. भाचा म्हणतोय, "मामा, मेक्सिकोत ह्याच्यापासनंच टकिला काढतात." खरंय का? घरी थोडी काढून बघावी, का लागवड करून कुणाला विकावी?

निपाणीकर: घरचा विचार आत्ताच सोडा. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे. परवान्याशिवाय भट्टी लावली की गुन्हा, मग ती चव बघायला का असेना. कोगनोळीच्या पलीकडं गेलात तर महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा उभाच आहे.

रानवट_खानापूर: भाचा निम्मा बरोबर आहे. टकिला म्हणवून घ्यायला निळा आगावे (आगावे म्हणजे घायपातच) हीच जात लागते, आणि तीसुद्धा मेक्सिकोतल्या हालिस्को नि आणखी चार राज्यांतल्या ठरलेल्या भागातलीच. तुमच्या झाडाचं पान बघा. कडेला वाकडे काटे नि रंग राखाडी-निळसर असेल तर ती अमेरिकाना जात. कड गुळगुळीत नि काटा फक्त टोकाला असेल तर ते दोरखंडाचं सिसल. दख्खनच्या अमेरिकानाची दारू आपल्या देशात होते बरं का! डेसमंड नाझरेथ यांनी २०११ मध्ये ती गोव्यात बाजारात आणली, कारखाना आंध्रात चित्तूरकडं.

पण दारू पानांची नसते. पानं सगळी छाटली की अननसासारखा गड्डा उरतो, दारू त्याची. त्यातली साखर अशा रूपात असते की साधं यीस्ट तिला तोंड लावत नाही. म्हणून आधी भाजायचा. टकिलावाले विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस वाफवतात, मेस्काल (घायपाताचीच दुसरी मेक्सिकन दारू) काढणारे जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर पुरतात. मग ठेचून, आंबवून, ऊर्ध्वपातन. यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही तयार होतं. कारखान्यात ते प्रयोगशाळेत तपासतात, घरी वासावरनं कळत नाही. आणि कच्चा रस अंगाला लागला तर अशी खाज सुटते की दारूची हौस फिटेल.

माळरान_अथणी: काही झाडांना उंच दांडा आलाय. ती तरी कामाची का?

रानवट_खानापूर: ती गेली. दांडा चढला की गड्ड्यातली साखर तिकडंच जाते, फुलून झालं की झाड मरतं. मेक्सिकोत दांडा दिसला की लगेच छाटतात, साखर गड्ड्यातच राहावी म्हणून. बुडाची पिल्लं तेवढी राखा.

निपाणीकर: लागवडीचं म्हणाल तर अमेरिकाना तयार व्हायला दहा वर्षं सहज जातात. मेक्सिकोची निळी जातसुद्धा सहा-आठ वर्षं घेते. परवानाधारक खरेदीदार आणि लेखी दर हातात नसेल तर रान अडकवू नका. बांधावर आहे तेवढं बरं, जनावरं तरी आत येत नाहीत.

चुलीपाशी_चिकोडी: दादा, माळाला फड्या निवडुंग असेलच की. मेक्सिकोत त्याच्या लाल बोंडांचं कोलोंचे नावाचं आंबवलेलं पेय करतात. आम्ही नुसतं सरबत करतो, त्याला परवाना नको. बोंडं चिमट्यानंच तोडायची, हात लावायचा नाही. जाळावर फिरवून बारीक कुसळं पुरी जाळायची, मग सोलून गर फडक्यातनं गाळायचा. बिया दगडासारख्या असतात, मिक्सरला घालू नका. साखर, लिंबू, चिमूटभर मीठ, झालं. रंग इतका गडद येतो की पांढरा सदरा घालून प्यायला बसू नका.