मुलगा उपासनेला येत नाही म्हणून वडीलपद जाते का?

उपासक_पुणे (प्रश्न):
जय ख्रिस्त. आमची मंडळी स्वतंत्र आहे. पाळकसाहेब आणि तीन वडील (म्हणजे मंडळीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेले पुढारी) मिळून कारभार पाहतात. त्यांपैकी एका ज्येष्ठ वडिलांच्या मुलाने नोकरीसाठी परगावी गेल्यापासून उपासनेला जाणे सोडले आहे. गेल्या रविवारी सूचना वाचून दाखवताना पाळकसाहेबांनी बायबलमधील तीत 1:6 चा (वडिलांची मुले विश्वास ठेवणारी असावीत, असे सांगणाऱ्या वचनाचा) आधार देऊन त्या वडिलांना पदावरून दूर केल्याचे जाहीर केले. उरलेल्या दोन वडिलांनाही ही गोष्ट तेव्हाच कळली. त्या वचनाचा असा अर्थ होतो का, आणि हा अधिकार एकट्या पाळकांना असतो का?

बेथेल_वाचक:
तीत 1:6 एकटे वाचू नये. तिथे वडिलांच्या मुलांवर बेतालपणाचा आरोप नसावा असेही म्हटले आहे, आणि 1 तीमथ्य 3:4-5 मध्ये त्यामागचे कारण दिले आहे: ज्याला स्वतःचे घर चालवता येत नाही, तो देवाची मंडळी कशी सांभाळणार? म्हणजे कसोटी घर चालवण्याची आहे, आणि घर सोडून गेलेल्या, कमावत्या मुलाच्या निर्णयाला ती जशीच्या तशी लावणे मला ओढूनताणून वाटते. शिवाय वडिलांच्या पात्रतेच्या या दोन याद्या सारख्या नाहीत: नवशिक्याला नेमू नये, ही तीमथ्याला लिहिलेली अट तीताला लिहिलेल्या यादीत आढळत नाही; तीत ज्या क्रेत बेटावर होता, तिथल्या मंडळ्या नवीन असल्याने ती तिथे गाळली असावी, असा माझा तर्क आहे. या याद्यांचा मोठा भाग स्वभावाविषयी आहे (मद्यपी नसावा, मारका नसावा, पैशाचा लोभी नसावा), आणि त्यांवर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, हे नवलच.

प्रेस्बिटर:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. प्रेषितांची कृत्ये 14:23 मध्ये प्रत्येक मंडळीत एकाहून अधिक वडील नेमलेले दिसतात, आणि पेत्र (1 पेत्र 5:1-3) स्वतःला त्यांचा सोबतीचा वडील म्हणवून कळपावर धनीपणा करू नका असे बजावतो. प्रॉटेस्टंट सुधारणेच्या काळात जिनिव्हात 1541 च्या नियमावलीनुसार 12 वडील नगराच्या परिषदांमधून निवडले जात, पाळकांसोबत बसून शिस्तीची प्रकरणे ऐकत, आणि वर्षअखेरीस त्यांना ठेवायचे की नाही याचा विचार होई. स्कॉटलंडमध्ये 1578 च्या शिस्तग्रंथाने (तिथल्या मंडळीच्या नियमांच्या पुस्तकाने) वडीलपद कायमस्वरूपी मानले. दोन्ही पद्धतींत एकट्या पाळकाच्या मर्जीवर हे पद अवलंबून नव्हते. आरोप असेल तर 1 तीमथ्य 5:19 प्रमाणे दोन-तीन साक्षीदार हवेत. तुमच्याकडे तर आरोप काय, हेच त्या वडिलांना आधी सांगितलेले दिसत नाही.

नगरकर:
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल परंपरेतून आल्या. त्या परंपरेत अखेरचा शब्द वडिलांच्या बैठकीचा नसून सभासदांच्या सभेचा असतो. चार माणसांनी बंद खोलीत ठरवले तरी अन्याय होऊ शकतो. त्यामुळे मंडळीची घटना (नियमावली) काढून पाहा आणि तिच्यात तरतूद असल्यास सभासदांची सभा मागा.

आणखी एक व्यवहाराची बाब. हे वडील मंडळीच्या नोंदणीकृत न्यासाचे विश्वस्तही आहेत का? तसे असेल, तर वडीलपद गेले म्हणून विश्वस्तपद आपोआप गेले असे समजू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमधील बदलाची नोंद करण्यासाठी 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तिथे ठरावाची प्रत लागते. रविवारची सूचना पुरत नाही.

उपासक_पुणे:
ते विश्वस्तही आहेत, आणि ठराव झालेलाच नाही. उरलेल्या दोन वडिलांशी आज बोललो. सर्व वडिलांची बैठक बोलवावी आणि त्या वडिलांचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी लेखी विनंती ते दोघे पाळकसाहेबांना करणार आहेत. घटनेची प्रत मात्र अद्याप कोणाकडेच सापडलेली नाही.

नगरकर:
नोंदणीच्या वेळी ती धर्मादाय कार्यालयात दाखल केली असेल, तर तिथे अर्ज करून प्रमाणित प्रत मिळवता येईल. बैठकीआधी ती हातात असू द्या.