मदत हवी आहे: मक्याची उगवण ओळीगणिक वेगळी, प्लँटरचं कोणतं सेटिंग आधी बघू?

नमस्कार मंडळी,

ट्रॅक्टरच्या तीन पॉइंटला जोडायचा चार ओळींचा न्यूमॅटिक प्लँटर आहे, म्हणजे हवेच्या ओढीनं (व्हॅक्यूमनं) एकेक दाणा उचलून टोकणारं यंत्र. मका 60 बाय 20 सेंमीवर टोकलाय, म्हणजे हेक्टरी साधारण 83 हजार दाणे. बियाणं एकाच लॉटचं, वाफसा चांगला होता, खोली चारही युनिटला (ओळीगणिक एक युनिट) 5 सेंमीवर लावलेली. तरी रान एकसारखं नाही.

दुसरी ओळ अगदी सुतात आहे. तिसरीत कुठे दोन रोपं एकमेकांना चिकटून, तर कुठे 40 सेंमी मोकळं. पहिल्या आणि चौथ्या ओळीत अंतर ठीक, पण उगवण मागेपुढे: एका रोपाला तीन पानं, शेजारच्याचा आत्ता कोंब वर येतोय. असं मागे पडलेलं रोप खत-पाणी बरोबरीनं खातं आणि सावलीत राहून वांझ निघतं, नाहीतर बारकं कणीस देतं. नांगे भरूनही उपयोग होत नाही, मागून लावलेला मका बरोबरीला येतच नाही. त्यामुळे हे पेरतानाच नीट व्हायला हवं.

पीटीओ (ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर, वेग ताशी 8 किमीच्या आसपास. जो तो म्हणतो व्हॅक्यूम वाढवा. पण तिसऱ्या ओळीत जोड्या आधीच पडताहेत, त्या आणखी वाढतील ना? दुसऱ्या तुकड्याची पेरणी बाकी आहे, तोवर काय काय तपासू?

प्रतिसाद १

व्हॅक्यूमला सध्या हात लावू नका. हवा सगळ्या युनिटला एकाच फॅनची जाते. ती कमी असती तर दुसऱ्या ओळीतही दाणे गळाले असते.

तुमच्याकडे दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्या ठेवा. तिसऱ्या ओळीत टेप लावा. 40 सेंमी मोकळं असेल तिथे उकरून बघा. दाणा सापडलाच नाही तर युनिटमधल्या भोकांच्या चकतीनं तो उचलला नाही, कुजका सापडला तर दोष बियाण्याचा किंवा जमिनीचा. अंतर 12, 28, 15 असं वेडंवाकडं असतं तर मी वेगावर बोट ठेवलं असतं, कारण जोरात चालवलं की दाणा नळीत आपटत खाली येतो. तुमच्याकडे तसं दिसत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या युनिटच्या चकत्या अदलाबदल करून थोडं चालवा. दोष चकतीबरोबर गेला तर चकती वाकलीय किंवा भोकं झिजलीत. तिथेच राहिला तर जादा दाणे झाडणारी पट्टी आणि हवा गळू न देणारं सील बघा.

कडेच्या ओळींसाठी एक विचारतो: ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत किती अंतर आहे? आणि मागे पडलेली रोपं दाण्यासकट अलगद काढून, दाण्यापासून जमिनीपर्यंतचा पांढरा भाग मोजा. दाणा प्रत्यक्षात किती खोल पडला ते कळेल.

धागाकर्ता

चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 150 सेंमी, टायर 35 सेंमी रुंद. पांढरा भाग दुसऱ्या ओळीत 5 सेंमी भरतो, कडेच्या ओळींतल्या उशिराच्या रोपांत जेमतेम 3.

चकत्या बदलून पाहिल्या. दोष तिसऱ्या युनिटमध्येच राहिला. उघडल्यावर सील एका बाजूला फाटलेलं निघालं आणि झाडणारी पट्टीही सैल होती.

प्रतिसाद २

मग कडेच्या ओळींचं उत्तरही मिळालं. ट्रॅक्टरच्या मध्यापासून तुमच्या ओळी 30 आणि 90 सेंमीवर येतात. टायर पडतं साधारण 57 ते 92 सेंमीच्या पट्ट्यात, म्हणजे कडेची ओळ थेट दाबलेल्या चाकोरीत. तिथे काकरी (दाण्यासाठीची चीर) पाडणारी डिस्क पुरेशी शिरत नाही, युनिट वर उचललं जातं, दाणा उथळ पडतो आणि वरची माती सुकली की कोंब अडतो. पुढे मुळंही नीट धरत नाहीत.

चाकांतलं अंतर 120 वर आणता आलं तर टायर 30 आणि 90 च्या मधोमध चालेल, दोन्ही बाजूंना 12 सेंमी मोकळे. सर्वात चांगला उपाय हाच. जमत नसेल तर फक्त पहिल्या आणि चौथ्या युनिटच्या स्प्रिंगचा दाब वाढवा. यंत्र मातीत उतरवून थांबवा आणि खोलीचं चाक हातानं फिरवा. थोडा जोर लावल्यावर फिरलं तर दाब बरोबर, अलगद गरगरलं तर कमी, हललंच नाही तर जास्त. ओल जास्त असताना दाब वाढवू नका. काकरीच्या भिंती चकचकीत, घट्ट होतात आणि मुळं काकरीच्याच रेषेत पसरतात.

धागाकर्ता

मनापासून आभार दोघांचेही. हा हिशेब सुचलाच नव्हता. रिम उलटवून 120 होतंय, ते आधी करतो, सील नवीन टाकतो. पेरताना प्रत्येक ओळ उकरून खोली मोजेन आणि उगवण झाली की इथेच आकडे टाकेन.