शेपूट नाही, तरी विंचूच वाटतो
एकाने विचारलंय, जुन्या पुस्तकात सापडलेला बिनशेपटीचा इवलासा विंचू मारावा का? अजिबात मारू नका! तो छद्मविंचू, म्हणजे विंचवासारखा दिसणारा पण वेगळाच जीव; बहुधा चेलिफर कँक्रॉइडिस ही प्रजाती. जेमतेम ३-४ मिलिमीटर. नांगी नाहीच, विष पुढच्या चिमट्यांत, पण माणसाला त्याचा त्रास नाही. कागदातल्या बारीक किडी खाऊन तो उलट पुस्तकं राखतो. पंख नाहीत, म्हणून माशीच्या पायाला चिमट्याने घट्ट धरून फुकटात प्रवास!

या गटात ३००० हून अधिक प्रजाती आहेत. मला सर्वांत भावतो तो ब्राझीलमधला पॅराटेम्नॉइडिस निडिफिकेटर. झाडाच्या सालीखाली वसाहत करून राहतात, आपल्याहून मोठं भक्ष्य सगळे मिळून धरतात, आणि उपासमारीत आई स्वतःचं शरीरच पिल्लांना खाऊ देते. भिंग असेल तर चिमट्यांवरचे लांब केस नक्की बघा. हवेची हालचाल तो त्यांनीच टिपतो.