वॅगन आरचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलतोय, पिस्टन आत जाईना

घाटवाट:
मंडळी, ताम्हिणी उतरताना ब्रेक दाबला की चर्रर्र आवाज यायला लागला म्हणून टॉर्च मारून बघितलं, पॅड जेमतेम २ मिमी उरलेत. नवीन सेट आणला, डावं चाक काढलं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वर उचलला, पण त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर आलाय त्यामुळे जाड पॅड बसतच नाहीत. हातोडीने ठोकू का?

जुना_पाना:
हातोडी अजिबात नको दादा! जुना पॅड पिस्टनवर ठेव, सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लाव आणि सावकाश आवळ. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढ, पिस्टन आत जाताना ऑइल वर चढतं, सांडलं तर रंग सोलून काढतं, लगेच पाण्याने धू. आणि कॅलिपर ब्रेक ऑइलच्या होजवर (नळीवर) लोंबकळत ठेवू नकोस, तारेने बांध. गाडी नुसत्या जॅकवर आहे का?

घाटवाट:
हो, जॅकवरच आहे.

जुना_पाना:
मग आधी खाली स्टँड लाव, नंतर बाकीचं. जॅक घसरतो रे.

मीरा_पुणे:
स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) पण काढून पुसा, ब्रेकचं खास ग्रीस लावा, माझ्या गाडीची एक पिन जाम होती म्हणून आतला पॅड पार घासला होता आणि बाहेरचा अर्धा शिल्लक. उजवीकडचेही पॅड बदला, जोडीनेच बदलायचे असतात.

घाटवाट:
बसले!! क्लॅम्पने आरामात गेला पिस्टन. फिरवून आणू का?

जुना_पाना:
थांब, आधी पेडल कडक होईपर्यंत पंप कर, पिस्टन आत ढकललाय ना, पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं.