एकत्र सोसलेले दुःख आणि लग्नाचा विचार

प्रश्न: ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात आईवडील गमावल्यावर मी आणि माझी मैत्रीण पुण्यातील एकाच वसतिगृहात वाढलो. आता चाळिशी उलटल्यावर तिच्याविषयी वाटते ते प्रेम आहे की केवळ ते एकत्र सोसणे, हे मला उमगत नाही.

उत्तर १: दोन्ही वेगळे काढण्याचा अट्टहास कशासाठी? भूकंपाखेरीज इतर विषयांवरही तुमचे मनमोकळे बोलणे होत असेल, तर शंकेला फारसा आधार नाही.

उत्तर २: मी अंशतः असहमत आहे. सप्टेंबरमध्ये दोघांचीही झोप उडत असेल, तर कोणी कोणाला सावरायचे, हे आधी बोलून घ्यावे.

प्रश्नकर्ता: रात्री फोन तिचाच येतो, आणि भूकंपावरून आम्ही तिच्या वर्गातील खोडकर मुलांवर कधी येतो, ते कळतही नाही.