[मंडळ-यादी] वॉशिंग मशीन: टिकणारं, आणि बिघडलं तर दुरुस्त होणारं

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही म्युनिकमध्येच नव्या घरात जातोय. इथल्या रिवाजाप्रमाणे घर रिकामं मिळणार, ओटासुद्धा आपला आपणच बसवायचा. त्यामुळे वॉशिंग मशीन, डिशवॉशर, फ्रीज असं सगळं एकदम घ्यायची वेळ आलीय.

आधीचं वॉशिंग मशीन चार वर्षांत गेलं. पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज यायचा. बघायला आलेला माणूस म्हणाला बेअरिंग गेलंय, आणि दुरुस्तीचा आकडा सांगून वर "त्यापेक्षा नवीनच घ्या" असा सल्लाही त्यानेच दिला. आता दुकानात गेलं की जिकडे तिकडे 'ए'ची हिरवी पट्टी, वायफाय आणि वाफेचे प्रोग्रॅम. मला यातलं काही नको. दहा वर्षं चालावं आणि मध्ये काही बिघडलं तर कोणीतरी उघडून नीट करावं, एवढंच.

कोणती कंपनी घेऊ?

मृणाल

---

प्रेषक: कौस्तुभ

सर्वांत स्वस्त घे. साडेतीनशे युरोचं मशीन सहा वर्षं चाललं तरी पैसे वसूल. मेकॅनिक घरी बोलावला की नुसत्या येण्याचे आणि बघण्याचेच शंभरच्या आसपास जातात, वर सुट्टी टाकून घरी थांबायचं. आणि दुकानदार विकतो ती जास्तीची वॉरंटी घेऊ नकोस. बारीक अक्षरं वाच, झिजणारे भाग वगळलेले असतात. बिघडतात तेच.

कौ.

---

प्रेषक: सुहास

मृणाल,

कंपनीचा प्रश्न नंतरचा. आधी हे बघ की मशीन उघडतं कसं आणि आतला कोणता भाग सुटा मिळतो. आमच्या भागातल्या रिपेअर कॅफेत मी अधूनमधून बसतो. (नवीन मंडळींसाठी: ही चळवळ २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाली. वस्तू घेऊन यायचं, स्वयंसेवकाशेजारी बसून दुरुस्त करायची, सुट्या भागाचे पैसे आपले.) हातात उचलून आणता येईल तेवढंच तिथे चालतं, वॉशिंग मशीन कोणी पाठीवर घेऊन येत नाही. तरी त्याबद्दल विचारणारे मात्र सगळ्यांत जास्त असतात.

तुझ्या बेअरिंगचंच घे. फ्रंट लोडरमध्ये दोन पिंपं असतात. आतलं स्टीलचं, भोकाभोकांचं, ते फिरतं. बाहेरचं पाणी धरून ठेवतं आणि ते हल्ली बहुतेक प्लास्टिकचं असतं. बेअरिंग बसतं या बाहेरच्या पिंपाच्या पाठीत. हे पिंप दोन भागांचं असून स्क्रूने जोडलेलं असेल, तर स्क्रू काढायचे, जुनं बेअरिंग ठोकून बाहेर काढायचं, सील बदलायचं, काम झालं. कष्टाचं आहे पण होणारं आहे. बऱ्याच नव्या मॉडेलांत मात्र हे दोन भाग कारखान्यातच वितळवून कायमचे जोडून टाकतात. मग थोडक्या पैशांच्या बेअरिंगपायी अख्खं पिंप विकत घ्यावं लागतं. त्यात मजुरी मिळवली की तुला सांगितला तसला आकडा तयार होतो.

हे विकत घेण्याआधी घरबसल्या कळतं. मॉडेलचा पूर्ण नंबर सुट्या भागांच्या एखाद्या जर्मन ऑनलाइन दुकानात टाक. तिथे 'लागरझात्स', म्हणजे बेअरिंगचा संच, वेगळा विकायला असेल तर ठीक. फक्त 'लाउगेनबेहेल्टर', म्हणजे पूर्ण पिंप, एवढंच असेल तर पुढच्या मॉडेलकडे वळ. त्याच पानावर पंप, दाराचं रबर, दाराचं लॉक आणि मुख्य बोर्ड यांच्या किमतीही बघून घे. बोर्डाची किंमत मशीनच्या निम्म्याला टेकत असेल तर ते मशीन मी तरी घेणार नाही.

मोटरबद्दल. जुन्या मोटरांत कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) असायचे. झिजले की वीस-तीस युरोंत नवे घालून मोटर पुन्हा पहिल्यासारखी. आता बहुतेक मशिनांत कार्बनवाचून चालणारी मोटर असते. ती शांत चालते, सहसा जात नाही, पण तिला चालवणारा बोर्ड जाऊ शकतो. म्हणून बोर्डाची किंमत बघ म्हणालो.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण पुरता नाही. १ मार्च २०२१पासून युरोपीय संघात वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं मिळायलाच हवेत. डिशवॉशरच्या पंप-मोटरसारख्या भागांसाठी आणि फ्रीजसाठी ७ वर्षं, फ्रीजच्या दाराच्या रबरासाठी मात्र १०. मागणी केल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत भाग पोचला पाहिजे. पण दार, बिजागरी, सील, साबणाचा खण असल्या गोष्टीच तुला-मला द्यायचं बंधन आहे. मोटर, पंप, बोर्ड व्यावसायिक मेकॅनिकला दिले की कंपनीचं कर्तव्य संपलं. आणि किमतीबद्दल त्या नियमांत चकार शब्द नाही. २०२४चा दुरुस्तीच्या हक्काचा नवा निर्देश किमती वाजवी असाव्यात म्हणतो, सॉफ्टवेअर आडवं घालून दुरुस्ती अडवायला मनाई करतो, आणि कायद्याने मिळणाऱ्या वॉरंटीच्या काळात बदलून घेण्याऐवजी दुरुस्ती निवडली तर ती मुदत एक वर्षाने वाढवतो. सदस्य देशांनी तो लागू करायची तारीख ३१ जुलै २०२६. वाजवी म्हणजे किती, यावर वकिलांची चांगली सोय होईल असं दिसतं.

एक शेजारची युक्ती. फ्रान्समध्ये २०२१पासून वॉशिंग मशीनवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागत. २०२५पासून त्याजागी टिकाऊपणाचे गुण आलेत आणि त्यात दुरुस्तीही मोजतात. आपल्या इथल्या लेबलवर हे नसतं. बरीच मॉडेलं दोन्ही देशांत विकली जातात, नंबराच्या शेपटीत एखाद-दोन अक्षरांचा फरक असतो. फ्रेंच दुकानाच्या साइटवर जाऊन गुण वाच. फ्रेंच यायची गरज नाही. हे गुण कंपनी स्वतःच ठरलेल्या निकषांवर भरते, तेव्हा ७.९ आणि ८.१ मध्ये अडकू नकोस. पाचच्या आसपास असेल तर मात्र सोड.

आणि ऊर्जेच्या लेबलवरचा क्यूआर कोड मोबाइलने वाच. तिथल्या माहितीपत्रकात कंपनीची वॉरंटी किती आणि सुट्या भागांची माहिती कुठे, हे दोन्ही असतं. तो हिरवा 'ए' मशीन किती काळ टिकेल याबद्दल काहीही सांगत नाही.

कौस्तुभ, तुझं सगळंच चूक नाही. महाग म्हणजे दुरुस्त होणारं असं अजिबात नाही. कधी कधी स्वस्त, साध्या मशीनचंच पिंप स्क्रूचं निघतं आणि दुप्पट किमतीच्याचं वितळवलेलं. मीले आपली मशीनं २० वर्षांच्या वापराएवढी तपासतो असं सांगते आणि त्यांची जुनी मशीनं चालताना मी पाहतोही, पण त्यांचे सुटे भाग घेताना खिसा घट्ट धरावा लागतो. फक्त सहा वर्षांनी टाकून द्यायचंच असं ठरवून घेणं मला पटत नाही.

डिशवॉशर आणि फ्रीजबद्दल वेगळं लिहितो, हे फार लांबलं.

सुहास

---

प्रेषक: वीणा

सुहासभाऊ, वॉशिंग मशीनचं छान सांगितलंत, पण आमच्या मिक्सरचं काय? इथल्या ब्लेंडरमध्ये ओल्या नारळाचं वाटण म्हणजे खवलेला नारळ पाण्यात पोहत राहतो. म्हणून पुण्याहून मिक्सर आणला. परवा डाळ वाटताना मध्येच बंद पडला, जळका वास आला. आता चालूच होत नाही. अहो तर म्हणतात टाकून दे.

वीणा

---

प्रेषक: सुहास

वीणाताई, टाकू नका. आपल्या मिक्सरइतकं सोपं यंत्र या यादीतल्या कोणाच्याही घरात नसेल.

आधी प्लग काढा, मिक्सर उलटा करा. बुडाला एक लाल बटण असतं. ओझं जास्त झालं की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटर वाचते. अर्धा तास थंड होऊ द्या, बटण आत दाबा, रिकामं भांडं लावून चालवून बघा. निम्म्या 'मेलेल्या' मिक्सरांचं मरण एवढंच असतं.

चालला पण पातं फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा भाग, झिजलाय. भांड्याखालचा किंवा मोटरीवरचा. मोटरीवरच्याचे आटे बहुतेकदा उलटे असतात, उगाच जोर लावून मोडू नका. भांड्याखालून काळं पाणी गळतंय तर बुश, म्हणजे पात्याच्या दांड्याभोवतीची नळी, गेलंय. आत ठिणग्या खूप दिसतात किंवा मधूनच थांबतो, तर कार्बन झिजलेत. जुना कार्बन काढून मिलिमीटरमध्ये मापा. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलसाठीचे मिळतात, जरा मोठा मिळाला तर पॉलिश पेपरवर घासून बसवता येतो. घरून कोणी येत असेल तर कपलर, बुश आणि पात्याच्या वायसरचा एकेक जोड मागवून ठेवा. पुण्यात बुधवार पेठेत तुमच्या मॉडेलचं नाव सांगितलं की काउंटरवर काढून ठेवतात.

इथेही विजेचा दाब २३०च, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. (न्यू जर्सीवाल्या नातेवाइकांना हे सांगू नका, वाईट वाटेल.) पण स्वस्तातला जगभर चालणारा अडॅप्टर लावत असाल तर तपासा. त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरांत अर्थिंग पुढे जातच नाही. अर्थिंगवाला घ्या, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून इथला प्लगच बसवून घ्या.

आणि हो, मायक्रोवेव्ह मात्र कोणीही घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहू शकते.

सुहास

---

प्रेषक: वीणा

लाल बटणच होतं! काल चटणी केली. ह्यांना दिली नाही.

---

प्रेषक: सुहास

मृणाल, राहिलेलं.

डिशवॉशर: बुडाशी गाळणी, तिच्याखाली पंप. आपल्या घरात तिथे जिरे, कढीपत्त्याचे देठ आणि शिताचा गोळा सापडतो. जिथे गाळणी काढल्यावर पंपाचं झाकण वरूनच उघडतं आणि आतली चकती हाताने फिरवता येते, असं मॉडेल बघ. फुटलेल्या ग्लासची काच अडकून 'पंप गेला' असं निदान झालेली मशीनं थोडी नसतात. काढताना बोटं सांभाळ. म्युनिकचं पाणी जड आहे, त्यामुळे मीठ घालणं आणि जडपणाचं सेटिंग बरोबर ठेवणं चुकवू नकोस. 'ऑल इन वन' गोळी घातली तरी मीठ घालावंच.

फ्रीज: गॅसच्या बंद नळ्यांत बिघाड झाला तर दुरुस्ती क्वचितच परवडते. बाकी थर्मोस्टॅट, पंखा, सेन्सर आणि दाराचं रबर सगळं बदलता येतं. भिंतीतल्या कपाटात बसणारा घेणार असशील तर खणाची उंची ८८, १२२ किंवा १७८ सेंटिमीटरच ठेवायला सुताराला सांग. उद्या दुसऱ्या कंपनीचाही त्यात बसेल.

ड्रायर: कंडेन्सर (ओल्या हवेतलं पाणी काढणारा भाग) 'स्वतःच स्वच्छ होतो' अशी जाहिरात असेल तर त्याच्यापर्यंत तुझा हात पोचतो का ते विचार. कापसाचा लगदा आत साचतोच. मला खालचं झाकण उघडून स्वतः पुसता येणारा ड्रायर बरा वाटतो.

कपडे धुण्याचं एकच. तीस अंशांवर आणि द्रव साबणावर महिनोन्महिने चालवलं की आत बुळबुळीत थर धरतो आणि रबर काळं पडतं. अधूनमधून पावडर घालून साठ अंशांवर चालव. रंग उडवणारा जो घटक हा थर मारतो तो साध्या पावडरीत असतो, द्रवात किंवा रंगीत कपड्यांसाठीच्या पावडरीत नसतो.

सुहास

---

प्रेषक: मृणाल

सुहासकाका, खूप आभार. काल संध्याकाळ दोन मॉडेलांचे सुटे भाग शोधण्यात गेली. एकाचं पूर्ण पिंपच येतं, दुसऱ्याचा बेअरिंगचा संच वेगळा मिळतो.

पण मध्येच क्लाइनआनत्साइगनवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची जर्मन साइट) एक जुनं दिसलं. बॉश, १८० युरो, आमच्यापासून दोन स्टेशनांवर. "२०१९ मध्ये घेतलं, फारसं वापरलेलं नाही" असं लिहिलंय. दाराच्या आतल्या पट्टीचा फोटो मागवला. ई-नंबर (मॉडेलचा नंबर) आहे आणि पुढे एफडी ९४०६. घेऊ का?

मृणाल

---

प्रेषक: सुहास

बॉश, सीमेन्स, नेफ, कॉन्स्ट्रुक्टा या एकाच घरच्या मशिनांवर एफडी म्हणजे बनवल्याची तारीख. पहिल्या दोन आकड्यांत २० मिळवायचे: ९४ आणि २० म्हणजे ११४, त्यातले शेवटचे दोन आकडे १४, म्हणजे २०१४. पुढचे दोन म्हणजे महिना, जून. गोदामात एखादं वर्ष पडून राहतं, पाच वर्षं नाही. शिवाय २०२१च्या आधीच्या या मशीनला सुट्या भागांचा तो दहा वर्षांचा नियमही नाही.

तरीही जाऊन बघायला हरकत नाही, मात्र ८०च्या वर देऊ नकोस. दार उघडून रिकामं पिंप हाताने जोरात फिरव आणि कान लाव. घरघर आली तर परत फिर. पिंप वर-खाली हलवून बघ, आतलं पिंप बाहेरच्यापासून वेगळं हललं तरी परत फिर. दाराच्या रबराची घडी उलटून बघ. मग १४००वर रिकामं पिळायला लाव आणि मशीन जागेवरून सरकतं का बघ.

घेतलंसच तर वाहतुकीचे बोल्ट मागून घे, मागच्या बाजूला बसतात. ते न लावता गाडीतून आणलं तर पिंप आत हेलकावे खातं आणि शॉक ॲब्झॉर्बर जातात. विकणारे हे बोल्ट हमखास हरवतात, पण नवे ऑनलाइन स्वस्तात मिळतात.

सुहास

---

प्रेषक: मृणाल

जाऊन आले. घरघर होती. नवंच घेतेय, बेअरिंगचा संच मिळतो ते. दुकान मोठं आहे, ४०० चौरस मीटरच्या वरचं, त्यामुळे नव्याच्या बदल्यात जुनं फुकट घेणं त्यांना बंधनकारक आहे. पण घरातून खाली आणून देण्याचे वेगळे पैसे मागतायत. शनिवारी सकाळी दोन माणसं आणि एक ट्रॉली कोणाकडे आहे का? दुसरा मजला, लिफ्ट नाही. पोहे आणि चहा माझ्याकडे.

---

प्रेषक: कौस्तुभ

ट्रॉली आहे, पट्टेही आहेत. नऊला येतो. एक माणूस अजून लागेल. जुन्यातलं उरलेलं पाणी आदल्या रात्री खालच्या गाळणीतून काढून ठेव, नाहीतर जिन्यात सांडेल.

कौ.